रिकामा डबा आणि चौदावा मजला

दिवाळी अंकासाठी दिलेली माझी कथा परत आली, तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये इडली खात होते. परत आली म्हणजे संपादकांचा फोन आला. सभ्य माणूस. आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग आईच्या गुडघ्यांची केली, आणि मग म्हणाले, "तुमच्या गोष्टीत आवाज फार आहे, धास्ती कुठेच नाही."

कथा दोन भावांची होती, वडिलांच्या घरावरून भांडणाऱ्या. मी तिच्यात ताट भिरकावलं होतं, दार आपटलं होतं, एकाला दुसऱ्याची कॉलर धरायला लावली होती. वर तीन पानं नुसते संवाद, एकापेक्षा एक झणझणीत. त्या संवादांवर माझा फार जीव होता. संपादकांचं म्हणणं असं, की धाकटा भाऊ नालायक आहे हे पहिल्याच पानावर कळतं, मग वाचणाऱ्याने पुढे काळजी कसली करायची? अजून वेळ आहे, बघा काही करता आलं तर, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी स्वभावाने तापट आहे. मनातल्या मनात त्यांना बरंच ऐकवलं आणि इडली तशीच टाकून उठले. भांडण म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. आणि हे सगळं चाललेलं असताना आमच्या घरात एक भांडण सुरू होतं, त्याचा आवाज मात्र कुणालाच येत नव्हता.

मी आणि आई मुलुंडला राहतो. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक काकूंचं. काकू नात्याच्या नव्हेत, पण मी शाळेत जायच्या आधीपासून समोर आहेत, आणि त्यांचं आणि आईचं जे आहे त्याला मैत्री म्हणणंही कमीच. त्या मूळच्या खारदांड्याच्या, कोळीवाड्यातल्या. त्यांच्या माहेरच्या दारात उभं राहिलं की समुद्र. लग्न होऊन मुलुंडला आल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना आयुष्यभर दिसली ती शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्यावरच्या ओलीचे डागसुद्धा त्यांना पाठ झाले होते.

दोन्ही दारांमधून एक स्टीलचा डबा सतत ये-जा करत असे. त्यांच्याकडून जवळ्याची चटणी नाहीतर कोलंबीचं कालवण यायचं, आमच्याकडून वड्या, घावन, आमटी असलं काहीबाही जायचं. डबा मूळचा कुणाचा हे आता दोघींनाही सांगता येत नाही. नियम एकच, आणि तो तुम्हालाही ठाऊक असणार: शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

तर आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. पाडून वीस मजल्यांचा टॉवर होणार, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर घरं असणार, आणि कोणाला कुठला मजला हवा हे सभेत विचारून ठरणार. आईने गृहीत धरलं होतं की दुसरा मजला, समोर काकू, सगळं आहे तसं. याला कारण होतं. आई एकदा बोरिवलीला तिच्या मावसभावाच्या इमारतीत लिफ्टमध्ये अडकली होती. वीज गेलेली, आत एकटी. तेव्हापासून ती लिफ्टला पेटी म्हणते आणि कितीही मजले असोत, जिनाच चढते. गुडघे कुरकुरतात, पण पेटीत पाय ठेवत नाही.

पहिल्या सभेत सेक्रेटरींनी सहज विचारलं, कुणाला काही खास हवंय का. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वरचा पाहिजे. चौदावा."

आईने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. घरी आली, काकूंचा डबा घासला, पुसला, आणि माझ्या हाती देऊन समोर पाठवला. मी झाकण उघडून पाहिलं. आत साखरेचा एक दाणा नव्हता. मी म्हटलं, आई, रिकामा आहे. ती म्हणाली, माहितीये. काकूंनी दारात डबा घेतला, हातात धरल्याबरोबर त्यांना वजन कळलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर अबोला. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की एक कठड्याकडे सरकायची आणि दुसरी भिंतीकडे. दारं आपटली नाहीत, कुणाचा आवाज चढला नाही. वरच्या मजल्यावरच्यांना तर वाटत होतं की दोघींपैकी एक गावाला गेली असावी. पण बेल वाजली की मी दचकायचे. आईच्या आयुष्यातली ही एकच मैत्रीण. नवरे गेले, दोघींचेही, तेव्हा एकीने दुसरीला सावरलेलं मी पाहिलं होतं. आता टॉवर होणार म्हणजे एक चौदाव्यावर आणि एक दुसऱ्यावर, मध्ये बारा मजले, आणि एकीचा लिफ्टला नकार. तसं झालं असतं तर ती मैत्री आटोपलीच असती.

एका संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात अडवलं. डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या आईला आधी विचारलं असतं ना, तर ती हो म्हणाली असती. आणि जन्मभर चौदा जिने चढली असती. म्हणून विचारलंच नाही. रागावू दे. खालचं घर तरी सुखाने घेईल." हे आईला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली.

मी जिन्यातच बसले. त्यांचं बरोबर होतं. आणि आईचंही बरोबर होतं. इतकी वर्षं मी कथांमध्ये एकाला शहाणा करत आले आणि दुसऱ्याला नालायक, कारण तसं लिहायला सोपं जातं. इथे कुणावर ओरडायचं तेच मला कळत नव्हतं.

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. आमच्याच बिल्डरचा एक टॉवर मागच्या गल्लीत तयार झालाय, तिथल्या विक्रीच्या ऑफिसातली मुलगी बोलत होती. "मॅडम, फॉर्मवर तुमचा नंबर आहे. आंटी रोज येतायत ना सॅम्पल फ्लॅट बघायला. थ्री बीएचके फायनल करू या का?" मी म्हटलं, कोण आंटी? तिने वर्णन केलं, सुती साडी, पांढरा अंबाडा, हातात कापडी पिशवी. माझ्या आईच्या बँकेत जे काही आहे त्यात त्या फ्लॅटची बाल्कनीसुद्धा आली नसती.

शनिवारी मी तिच्या मागोमाग गेले. फिरायला जाते म्हणून निघालेली आई त्या टॉवरच्या लॉबीत लिफ्टसमोर उभी होती. लिफ्ट आली. आईने तिला जाऊ दिलं. पुन्हा आली, पुन्हा जाऊ दिलं, जणू नको त्या नंबरची बस आहे. मी पुढे होऊन खांद्यावर हात ठेवला. ती चमकली नाही, उलट मलाच म्हणाली, आलीस ते बरं झालं, आज नवव्याला जायचंय. पहिल्या दिवशी ती एक मजला गेली होती आणि जिन्याने खाली आली होती. दुसऱ्या दिवशी दोन. असं चाललं होतं.

आम्ही आत गेलो. दार मिटलं. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले, डोळे मिटले, आणि देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नवव्याला दार उघडलं तेव्हा ती घामाने निथळत होती आणि हसत होती. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी हसत होती, दुसरं काय सांगू. खिडकीशी गेली. समोर मुलुंडच्या मागचा डोंगर, सगळा हिरवा, आणि वर मोकळं आभाळ.

"हे बघायचंय तिला," आई म्हणाली. "मला काय माहीत नव्हतं? गच्चीवर पापड वाळत घालून तासभर उगीच उभी राहायची."

मग रागावलीस कशाला, असं मी विचारलं. आईने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

"मला आधी सांगायला हवं होतं तिने. मी नाही म्हटलं असतं, आम्ही कडकडून भांडलो असतो, ती रडली असती, मग मी हो म्हटलं असतं. ते सगळं राहूनच गेलं ना." आणि लगेच तिनेही मला शपथ घातली, समोर काही बोलायचं नाही म्हणून.

त्याच संध्याकाळी काकूंनी मला पुन्हा गाठलं. दुसऱ्या दिवशी सभा होती, मजले ठरण्याची. त्या म्हणाल्या, मी उद्या दुसरा मजला सांगणार, डोंगर काय गं, टीव्हीवरही दिसतो. मी अक्षरशः तोंडावर हात ठेवला. एक खालून वर निघालेली आणि दुसरी वरून खाली, आणि मध्ये मी, दोन्हीकडच्या शपथा घेऊन. वाट लागली होती माझी. त्या दिवशी मला संपादकांचा शब्द आठवला. धास्ती ती हीच. ती माझ्या पोटात होती आणि त्या दोघींना तिचा पत्ताही नव्हता.

रविवारी सगळे खालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले. घरांच्या क्रमाने विचारत होते. काकूंचा नंबर पाच, आमचा सहा. म्हणजे आधी काकू. चार नंबरवाले पार्किंगवरून घोळ घालत बसले आणि मी खुर्चीत चुळबुळत होते. शपथ मोडावी असं चारदा मनात आलं. मग सेक्रेटरी म्हणाले, पाच नंबर.

काकू उठल्या. "दुसरा लिहा," म्हणाल्या आणि बसायला लागल्या.

"लिहू नका," आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. आई उभी होती. काकू अर्ध्या बसलेल्या, तशाच पुन्हा उठल्या.

"तू कोण गं माझं घर ठरवणारी?"

"आणि तू कोण मला न सांगता चौदावा मागणारी?"

मग जे काही सुरू झालं ते मी शब्दाला शब्द लिहू शकत नाही. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. काकू बोलता बोलता माहेरच्या बोलीवर गेल्या, त्या वेगात आम्हाला निम्मं कळेना, आईला मात्र सगळं कळत होतं. एकीने कधीकाळी करपवलेल्या नारळाच्या वड्या निघाल्या, दुसरीने एका लग्नात आहेराची साडी परस्पर बदलली होती ती निघाली. लोकांनी आधी मध्ये पडायचा प्रयत्न केला, मग खुर्च्या जवळ ओढून घेतल्या. आणि मी बघत होते की आईचा चेहरा उजळत चालला होता. तिला तिचं भांडण मिळालं होतं.

शेवटी काकू म्हणाल्या, मी तुला चौदा जिने चढवू का, सांग.

"चौदावा कशाला पाहिजे?" आई म्हणाली. "आठव्यापर्यंत समोरची भिंतच दिसते. नवव्यापासून डोंगर दिसतो. मागच्या गल्लीतल्या टॉवरवरून बघून आलेय मी."

"नऊ जिने चढून?"

"लिफ्टने. रोज जातेय मी."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्या रडतायत की हसतायत हे मला सांगता येईना. मग सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि विचारलं, तर काय लिहू?

"नववा," आई म्हणाली. "दोन्ही."

मी त्याच आठवड्यात दोन भावांची कथा पुन्हा लिहायला घेतली. ताट काढलं, कॉलर काढली, ते झणझणीत संवाद काढताना जरा रडू आलं, पण काढले. धाकट्यालाही त्याचं खरं कारण दिलं, आणि ते थोरल्याला कळणार नाही अशी व्यवस्था केली. संपादकांचा फोन आला तो जेवणाच्या वेळेला. त्यांचं जेवण गार झालं होतं म्हणे, आणि त्याबद्दल ते माझ्यावर रागावलेले होते. इतकी छान दाद मला याआधी कुणी दिली नव्हती.

पण त्या रविवारची एक गोष्ट मी कथेत घातली नाही, ती इथे सांगते. सभा संपल्यावर आई आमच्या घरात न शिरता सरळ समोर गेली. डबा काकूंच्या ओट्यावर, खिडकीशी, त्या भिंतीसमोर तसाच ठेवलेला होता. इतक्या दिवसांत काकूंनी त्याला हात लावला नव्हता. आईने तो उचलला, आमच्या स्वयंपाकघरात आणला, साखरेच्या बरणीतून चांगली ओंजळभर साखर घातली, झाकण लावलं आणि परत नेऊन काकूंच्या हातात दिला.

"त्या दिवशी चुकून रिकामा आला होता," आई म्हणाली.

काकूंनी डबा दोन्ही हातांनी धरला. जड लागला तसा तो छातीशी घेतला.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या.