वॉल्टर सरांची रिकामी चौकट

किस्से फोनमधल्या फोटोंसारखे असतात. डिलीट करायला बसलं की प्रत्येकाजवळ थांबून हसत बसतो आणि जागा काही रिकामी होत नाही! आमच्या इथल्या न्यू लिन उपनगरातल्या फोटो क्लबचे तर इतके साठलेत, की थोडे तुमच्याकडे ढकलतो. एक अक्षर वाढवून सांगत नाही. बायको हसतेय, तिकडे लक्ष देऊ नका.

क्लबात आम्ही आठ मराठी माणसं आणि शिकवायला वॉल्टर सर. आफ्रिकन-अमेरिकन, वय चौऱ्याहत्तर. तिकडे अमेरिकेत उभी हयात वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले, आता इथे लेकीकडे राहतात. मनगटाला छोटा कॅमेरा कायम बांधलेला. आंघोळीलाही सोडत नसावेत!

* * *

पहिल्या दिवशी कुलकर्णी कुकरएवढी लेन्स घेऊन आला. सरांनी आठही कॅमेरे कपाटात घालून कुलूप लावलं. “आज फक्त बघायचं.”

दोन तास आम्ही एका खुर्चीकडे बघत बसलो! कुलकर्णी माझ्या कानात, “अरे, तिकडे लांब पुकेकोहेहून ड्राइव्ह करून मी खुर्ची बघायला आलोय?”

दुसऱ्या तासाला तोच ओरडला, “हिचा एक पाय आखूड आहे रे!”

* * *

गायकवाडने फॅमिली फोटो दाखवला. ॲपने सगळ्यांना चार शेड उजळ केलेलं.

“हे कोण?” सरांनी विचारलं.

“मीच की, सर!”

“छे! हा तुमचा कोणी आजारी चुलतभाऊ दिसतोय.” मग हळूच म्हणाले, “माझ्या लहानपणी फिल्म गोऱ्या कातडीच्या मापाने बनायची. माझ्या आईच्या फोटोत नुसते दात दिसायचे. तिचा चेहरा दिसावा म्हणून मी हे शिकलो.”

गायकवाडने तिथल्या तिथे ॲप उडवलं.

* * *

एकदा कुलकर्णी कॅमेऱ्याची बॅग बसमध्ये विसरला. बस सुटली. आम्ही ‘अरे, अरे’ करेपर्यंत सर पायातल्या रबरी जँडल चपलांनिशी धावले आणि बस पोचायच्या आधी पुढच्या स्टॉपवर उभे!

“सर, हे काय?”

“कॉलेजात थोडं पळायचो.”

गायकवाडच्या मुलीने, रुहीने, फोनवर शोधलं. “बाबा, ही वॉज स्टेट चॅम्पियन!” जुनं कात्रणही सापडलं. पण त्यात फोटो भलत्याच, गोऱ्या मुलाचा!

“तो दुसरा आला होता,” सर म्हणाले. “पहिला मी. पेपराने त्याला छापलं.”

“मग जिंकतानाचा तुमचा फोटो?”

“एकही नाही.”

त्याच दिवशी ठरलं. क्लबच्या प्रदर्शनात मधोमध एक चौकट रिकामी ठेवायची. सरांसाठी.

* * *

ओटाहुहुच्या मैदानावर ज्येष्ठांची शंभर मीटर शर्यत होती. हातापाया पडून सरांना उतरवलं. “एकदाच हं! गुडघे दुसऱ्यांदा परवानगी देणार नाहीत.”

फिनिश लाइनवर आम्ही आठ, आठ कॅमेरे, शिवाय ती कुकर-लेन्स. “पापणी लवली तर याद राखा!” गायकवाडची तंबी.

शिट्टी झाली. सर सुटले आणि बाकीचे म्हातारे जणू भाजी आणायला निघालेले! अहो, तो माणूस धावत नव्हता, जमीनच त्याच्याखालून पळत होती! छातीने फीत तोडली, धापा टाकत आमच्याकडे आले.

“दाखवा!”

मी कुलकर्णीकडे बघितलं. कुलकर्णीने गायकवाडकडे. गायकवाडने जमिनीकडे. आठ कॅमेरे, फोटो शून्य!

“सर,” कुलकर्णी पुटपुटला, “तुम्हीच म्हणाला होतात... फक्त बघायचं.”

सर मनगटावरचा छोटा कॅमेरा उलटा करून त्याच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

प्रदर्शनात मधली चौकट भरलेली होती. फीत छातीला लागता लागता सरांनीच काढलेला फोटो: आठ माणसं, आठही तोंडं उघडी, कॅमेरे पोटावर लोंबताहेत.

खाली सरांच्या अक्षरात, ‘मी, जिंकताना.’