घरभरणीचा आहेर

घर बघण्याचा नाद तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका उभ्या नगर जिल्ह्यात कोणाला नसेल. सुप्याचा त्यांचा पाइपांचा कारखाना बुडाला, दिवाळं निघालं, राहतं घर लिलावात गेलं. अशा वेळी माणसं तोंड लपवतात. हे भाऊजी मात्र दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून विकाऊ घरं बघायला निघत. भिंतीला कान लावून टिचक्या मारायच्या, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून उतार बघायचा, बाथरूममध्ये उभं राहून मोठ्यानं खाकरायचं. शेवगावात एका बिल्डरला "भिंत पोकळ हाय तुमची" असं सुनावून त्याचाच चहा पिऊन आले. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, वैतागून म्हणे, "खिशात दमडी न्हाई अन् ह्यांना पूर्वेचंच दार पायजे!"

शेवटी जाऊबाईंच्या खानावळीवर कर्ज मिळालं. भाऊजींचं नाव कागदावर घ्यायला बँक तयार नव्हती, म्हणून दोन खोल्यांचं घर तिच्या एकटीच्या नावावर झालं. घरभरणी ठरली. आपल्याकडे माहेरचा आहेर अंगावर घालूनच जोडपं पूजेला बसतं. बहिणीला साडी, दाजींना टॉवेल-टोपी. पण जाऊबाईंचा पाथर्डीचा भाऊ भाऊजींच्या कर्जाला जामीन राहिला होता. त्यापायी त्याची जीप गेली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. तो येतो की नाही, एवढीच भाऊजींना काळजी. गुरुजी घाई करू लागले तरी ते दारातून हलेनात. "मेव्हणे आल्याबिगर पाटावर बसायचं न्हाई!"

मेव्हणे आले. बहिणीला जरीची साडी दिली, ती रडली. मग भाऊजी टोपी घालून घ्यायला मान वाकवून पुढे झाले. मेव्हण्यांनी रिकामी पिशवी झटकून तिची घडी घातली.

"घर ताईचं हाय, दाजी," ते म्हणाले. "आहेर बी तिलाच."

मेव्हण्यांना चुकीचं म्हणणं मलाही जमलं नाही. भाऊजींनी वाकल्या वाकल्या शर्टाची कॉलर नीट केली, जणू तेवढ्यासाठीच वाकले होते, आणि पाटावर जाऊन बसले.

पंगतीत मात्र ते प्रत्येकाला थांबवून बायकोच्या साडीचा काठ दाखवत होते. "बघा, मेव्हण्यांना पारख हाय!" मेव्हणे तोवर न जेवताच निघून गेले होते. मला तो काठ त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवला, आणि मी दर वेळी तो पहिल्यांदाच बघितला.