मी मीच असल्याचं पत्र

"काहीतरी हलकं घ्या," असं म्हणून त्या शाळेने मला रोममधल्या बायका दिल्या, तिथेच माझं डोकं फिरलं.

इथे बहरीनमध्ये, बुदैया गावाच्या वाटेवरच्या त्या शाळेत इतिहासाच्या बाईंची जागा रिकामी झाली होती. ती जागा माझ्यासाठी काय होती, ते आधी सांगायला हवं. लग्नाआधी मी साताऱ्याच्या एका कॉलेजात चार वर्षं प्राचीन इतिहास शिकवला. मग लग्न झालं. नवऱ्याची बहरीनची नोकरी होतीच, त्याच्या व्हिसावर मी इथे आले आणि चौदा वर्षं रिफामध्ये संसार केला. चांगला केला, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण शिकवण्यावाचून मी आतून गंजत चालले होते, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला पुन्हा वर्गात उभं राहायची संधी दोनदा मिळत नाही हे मला कळत होतं. ही नोकरी मला हवीच होती.

इंटरव्ह्यू बरा झाला. मग नववीच्या वर्गावर वीस मिनिटांचा डेमो लेसन. पुस्तक उघडलं तर रोमच्या धड्याला बावीस पानं. त्यात सम्राट, लढाया, रस्ते, आणि अगदी शेवटी फिकट गुलाबी चौकटीत 'रोममधील स्त्रिया'. दहा ओळी. त्या घर सांभाळत, लोकर कातत, मुलं वाढवत. संपलं! अर्धं रोम दहा ओळींत उरकलं होतं. आता त्या लोकर कातायच्या हे खरंच आहे, नवऱ्यांनी त्यांच्या थडग्यांवर ते कौतुकाने कोरूनही ठेवलं आहे. पण त्याच रोममध्ये बायका सुइणी होत्या, भाजी विकत होत्या, वीटभट्ट्यांच्या मालकिणी होत्या, आणि त्यांच्या नावाचे शिक्के विटांवर अजून वाचता येतात. त्या विटा काही चौकटीत मावल्या नव्हत्या.

मी हलकं घेतलंच नाही. वर्गाला सांगितलं, रोममधल्या मुलीला स्वतःचं असं नाव क्वचितच मिळायचं. बापाच्या कुळाचं जे नाव, त्याचंच बाईमाणसाला लावायचं रूप तिच्या वाट्याला यायचं. दोन मुली झाल्या तर दोघींचं नाव एकच, एक थोरली आणि एक धाकटी. वर्ग हसला. मीही हसले, कारण माहेरी मला जन्मापासून सगळे धाकटीच म्हणत आले. खरं नाव शाळा-कॉलेजच्या कागदांपुरतंच होतं.

मग सहीचं सांगितलं. बाप गेला तरी बाईवर कुणीतरी पालक नेमलेला असायचा. मोठा व्यवहार करायचा, मृत्युपत्र करायचं, तर त्याची संमती हवी. पुढे कायदा झाला की तीन मुलं झाली तर यातून सुटका. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मिस, म्हणजे दोन मुलं असलेली बाई अजून कच्चीच?" त्या एका प्रश्नासाठी मी चौदा वर्षं थांबले होते असं मला वाटलं. प्रिन्सिपलबाई मागे बसून ऐकत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "जागा तुमचीच. ऑफिसात कागदपत्रं तेवढी द्या."

दिली. दोन दिवसांनी ऑफिसमधल्या बाईंचा फोन आला. पासपोर्ट एका बाईचा आणि डिग्र्या दुसऱ्याच बाईच्या. "मॅडम, चुकून बहिणीची सर्टिफिकेटं दिलीत का?"

आता त्या परक्या मुलखातल्या बाईला काय समजावणार? आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून पेढे वाटले. जुन्या नावात काही खोट नव्हती. नवऱ्याच्या नावाशी त्याची जोडी जुळत नव्हती म्हणे! मी विरोध केला का? छे. लाजले आणि पेढा खाल्ला. मग पासपोर्ट नव्या नावाने, व्हिसा नव्या नावाने, आयडी कार्ड नव्या नावाने. आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव गेलं, आणि पहिलंही गेलं. रोमच्या बाईचं नाव बापाचं असेल, पण लग्नानंतर तिला ते टाकावं लागत नसे, थडग्यावरही तेच कोरलं जायचं. आणि मी शहाणी नववीच्या पोरांपुढे तिची कीव करून आले होते. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

फोनवरच्या बाईंनी लगेच धीर दिला. "टेन्शन घेऊ नका. तुमच्या मिस्टरांचं पत्र चालेल. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून त्यांनी सही करायची. शेवटी तुमचा व्हिसा त्यांच्यावर, स्पॉन्सर तेच ना!"

"मी स्वतः लिहून दिलं तर?"

"तुमचं कसं चालेल, मॅडम?" त्यांना खरोखर नवल वाटलं होतं.

माझा तिळपापड झाला. मी कोण, हे मला सोडून दुसऱ्या कुणालाही विचारलं तर चालणार होतं. दोन दिवस मी घरात आदळआपट केली. नवरा शांत.

"अगं, एक कागद तर आहे. सही करतो, खलास."

"उद्या तू तूच आहेस हे तुझ्या ऑफिसने माझ्याकडून लिहून मागितलं तर?"

"असं कशाला मागतील?" तो म्हणाला. माझा प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. बारा वर्षांच्या आमच्या मुलीने आयपॅडमधून डोकं न काढता निकाल दिला, "मम्मा, जस्ट टेक द लेटर."

वर्ग हवा होता, म्हणून मी तयार झाले. चडफडत तयार झाले, पण झाले.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन बसला, तोही हौसेने. बायकोसाठी काही करायचं असलं की तो खूश असतो. वाईट माणूस नाही तो, आणि त्यामुळे भांडायचीही पंचाईत होते. 'मी खाली सही करणार' म्हणून सुरुवात करून त्याने स्वतःचं नाव, आयडी नंबर, हुद्दा, सगळं भराभर टाइप केलं. मग माझं आताचं नाव. मग 'लग्नापूर्वीचे नाव' इथे आला. माझ्या माहेरचं आडनाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आणि त्याची बोटं थांबली. मान वर करून, मीठ कुठे ठेवलंय विचारावं इतक्या सहज त्याने विचारलं, "अगं, तुझं पहिलं नाव काय होतं गं?"

मी दहावीचं सर्टिफिकेट त्याच्यापुढे सरकवलं. त्यात बघून त्याने एकेक अक्षर उतरवून घेतलं, प्रिंट काढली आणि झोकात सही ठोकली. रविवारी, म्हणजे इथला आठवडा सुरू होतो त्या दिवशी, ते पत्र मी ऑफिसात नेऊन दिलं. बाईंनी फक्त सही पाहिली, कागद फाईलला लावला आणि हसून म्हणाल्या, "झालं मॅडम, आता तुमच्याबद्दल काही शंका नाही."