तुटका माल

बेकरीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि तो रुबाब घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी उतरत नसे. एकेचाळीस वर्षं त्यांनी एकाच भट्टीसमोर काढली. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. कुणी बाहेरचा केक पुढे केला की आधी त्याचा वास घेत, मग बोटाने दाबून बघत, मग एक घास आणि शेवटी "बरा आहे." त्यांच्या तोंडचं "बरा आहे" म्हणजे पदक मिळालं असंच समजायचं.

असा माणूस बायको गेल्यावर वर्षभरात वाळत गेला. जेवायला बसले की दोन घास खाऊन हात धुवायला उठत. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरायला लागली. त्यातच हृदयाची एक झडप नीट उघडेना. ऑपरेशन करायचं ठरलं, पण डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि नकारार्थी मान हलवली. शेहेचाळीस किलो. पन्नास भरल्याशिवाय भूल द्यायची नाही, आणि दोन महिन्यांहून जास्त थांबायचंही नाही, असं त्यांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं.

सुनेलाच सांगितलं, कारण मुलगा कारखान्यात पाळीवर होता. तसंही त्या घरात कटकटीची गोष्ट सांगायची ती सुनेलाच, असा बारा वर्षांचा रिवाज होता. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि दुपारनंतर घरात ओट्याशी. बसलेली ती कुणाला फारशी दिसली नसेल.

"काकांना आवडतं काय?" दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला विचारलं.

"गोड. दुसरं काही नाही."

"मग गोडातच घाला की सगळं. अंडी, दूध, अक्रोड, दाणे, ओट्स, भोपळा. नुसत्या साखर-मैद्याने पोट भरू नका, एवढं सांभाळा."

बाईंना सांगायला काय जातं! उस्तादांच्या घरात केक करायचा म्हणजे परीक्षकाच्या घरी जाऊन पेपर लिहायचा. सुनेने कंबर कसली. पहिला केक बिटाचा केला. उस्तादांनी तो चहूबाजूंनी न्याहाळला आणि म्हणाले, "याला चार पाय लाव. बसायला होईल."

जवसाची बिस्किटं केली, तर त्यांनी एक बिस्कीट टेबलावर वाजवून दाखवलं. पण ही चेष्टाही परवडली. पुढे पुढे तिचा हात बसला, केक फुगायला लागले, वास घरभर दरवळायला लागला, आणि तरी ते खाईनात. ती सुरेख चौकोनी तुकडा कापून बशीत ठेवायची. ते म्हणायचे, "ठेव तिथे, खातो नंतर." संध्याकाळी बशी जशीच्या तशी. मग तो सुकलेला तुकडा ओट्याशी उभ्या उभ्या तीच संपवायची. तीन आठवड्यांत वजन वाढलं ते तिचं.

तिला राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. माणूस डोळ्यांदेखत संपत चालला आहे आणि आपल्या हातचं खात नाही, याचं दुःख तिला आतून पोखरत होतं. नवरा म्हणायचा, "अगं, बाबा हट्टीच आहेत." एवढं बोलून तो पाळीवर जायचा.

एका दुपारी तिने भोपळ्याचा केक केला. ओट्सचं पीठ, खजूर, अक्रोड, चार अंडी. तेवढ्यात दुकानातून फोन आला; कुणाचा तरी चष्मा सापडत नव्हता. फोन खांद्याशी धरून तिने गरम साचा ताटलीत उपडा केला आणि केकचे तीन तुकडे होऊन वर भुगा पडला. ती रडकुंडीला आली. सगळं एका डब्यात कोंबलं, झाकणही न लावता पिशवी उचलली आणि औषधं आणायला गेली.

परत आली तेव्हा डबा रिकामा होता. शेजारच्या स्टुलावर सासरे बसले होते आणि त्यांच्या मिशीत ओट्सचा भुगा अडकला होता.

"मोडलेला होता म्हणून घेतला," ते चोरी पकडल्यासारखे म्हणाले.

"अहो बाबा, तुमच्यासाठीच तर करते मी! चांगला कापून देते तेव्हा का नाही खात?"

उस्तादांनी मिशीतला भुगा झटकला. मग म्हणाले, "बेकरीत पहिल्याच दिवशी मालकाने सांगितलं होतं, अख्खा माल गिऱ्हाईकाचा, तुटका कारागिराचा. अख्ख्याला हात लावला म्हणून माझ्यादेखत एकाला घरी पाठवलं त्यांनी. आम्ही सगळे संध्याकाळच्या तुटक्या ट्रेची वाट बघायचो. आता नाही गं हात जात. समोर अख्खा तुकडा आला की वाटतं, हा कुणाचा तरी आहे."

ऐकता ऐकता सुनेला सासूबाई आठवल्या. त्या नवऱ्याला बशी देताना आधी तुकड्याचा कोपरा मोडायच्या आणि तो आपल्या तोंडात टाकायच्या. ती आणि तिचा नवरा यावर किती हसायचे! आईला धीर धरवत नाही म्हणायचे. आणि ती बाई जन्मभर नवऱ्यासाठी माल मोडून देत होती. सुनेला स्वतःच्या हसण्याची मनापासून लाज वाटली.

"आणि गरम काढू नकोस," उस्ताद स्टुलावरून उठता उठता म्हणाले. "पीठ मैद्याचं नाही, धरून राहत नाही. पंधरा मिनिटं साच्यातच गार होऊ दे. मग नाही मोडणार."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी केक ओव्हनमधून निघाल्या निघाल्या धाडकन उपडा केला.

मग तोच तिचा नेम झाला. गाजराचा केक मोडला, केळ्याचा मोडला, खजुराची बिस्किटं ट्रेवरून ओढताना हटकून तुटली. दाण्यांचं कूट आणि घट्ट दही घोटून केलेली क्रीम ती भेगांमधून भरायची, म्हणजे तेवढंच जास्त पोटात जाईल. डबा झाकणाशिवाय ओट्यावर ठेवायची आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायची. डबा रिकामा व्हायचा. गोड पोटात जायला लागलं तशी जेवणाचीही भूक लागायला लागली. काटा सत्तेचाळीसवर गेला, एकोणपन्नासवर आठवडाभर रेंगाळला. शेवटच्या तपासणीला तो पन्नास आणि वर थोडा, असा थांबला. डॉक्टरांनी खिशात चाव्या तर नाहीत ना, म्हणून विचारलं. उस्तादांनी खिसे उलटे करून दाखवले, तर त्यातून केकचा भुगा पडला.

ऑपरेशन नीट झालं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण त्याचं श्रेय डॉक्टरांचं. सुनेच्या मनात राहिली ती त्याच्या आदल्या दिवशीची दुपार.

ती दुकानातून आली तेव्हा घरात अक्रोड आणि खजूर भाजल्याचा वास होता. सासरे ओट्याशी उभे होते, बाह्या दुमडलेल्या, समोर भरलेला साचा आणि साच्याशेजारी हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं.

"अजून चार मिनिटं आहेत," ते म्हणाले. "बस."

"बाबा, दमायचं नाही सांगितलंय तुम्हाला! सरका, मी काढते."

"तू काढशील तर मोडशील." त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "गार झाल्यावर काढ म्हणून सांगितलं होतं. बहिरी तर नाहीस तू. रोज गरम काढायचीस, मला काय कळत नव्हतं?"

ती ओशाळली. "मग बोलला का नाहीत?"

"तुटका माल होता. हक्काचा. बोलून कशाला घालवू?"

पंधरावं मिनिट भरलं तसा त्यांनी साचा उलटा केला. केक अलगद बाहेर आला, कुठे एक चीरही नाही. त्यांनी सुरी चालवली, मधला सगळ्यात चांगला तुकडा बशीत घेतला आणि तिच्यापुढे ठेवला. ती सवयीने मागे सरली.

"आधी तुम्ही घ्या. मला कडा चालतात."

"बारा वर्षं बघतोय," उस्ताद म्हणाले. "करपलेलं तू खातेस, उरलेलं तू खातेस, उभ्याने खातेस. मला मालकाने शिकवलं होतं. तुला कुणी शिकवलं?"

त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"खाली बस. आज तू गिऱ्हाईक."

ती बसली. डोळ्यांतलं पाणी काही आवरेना, म्हणून तिने मान खाली घालून पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि शेवटपर्यंत बसूनच खाल्लं. उस्ताद उभे राहून साच्याला चिकटलेला भुगा चमच्याने खरवडत होते.

"कसा झालाय?" त्यांनी न राहवून विचारलं.

तिने बशी पुढे केली. "अजून एक द्या, मग सांगते."

दुसरा तुकडा आला. तिने त्याचा वास घेतला, बोटाने दाबून बघितला, एक घास खाल्ला, आणि सासऱ्यांना चांगलं ताटकळत ठेवून म्हणाली, "बरा आहे."