आमच्या प्लेअरचं बारसं

"याचा कान कुठेय ग?" वन्संनी मला विचारलं. त्यांच्या हातात आमचा नवा म्युझिक प्लेअर, भोवती अख्खी टीम.

ही वेळ आणली आमच्या बॉसनी. किल्लेदार सर मूळचे बेळगावचे. हेब्बाळच्या त्यांच्या छोट्या कंपनीत मी हार्डवेअर इंजिनिअर. खिशात मावणारा, इंटरनेटशिवाय गाणी वाजवणारा हा प्लेअर मी रक्त आटवून केलेला. पण नावावर एकमत होईना. मार्केटिंगची नावं ऐकून सर म्हणायचे, "ही काय खोकल्याची औषधं आहेत?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोक्याचं डिझाइन छापायला द्यायचं होतं. नाहीतर दिवाळी हुकणार आणि प्रॉडक्टच बंद होणार. मला रडू यायचं बाकी होतं.

"आपल्यात नाव कोण ठेवतं?" सर म्हणाले. "आत्या! तुम्ही याची आई. मग बोलवा नणंदबाईंना."

"सर, हे यंत्र आहे."

"म्हणून काय बिननावाचं ठेवायचं?"

वन्सं राजाजीनगरला राहतात. आम्हाला मूलबाळ नाही, पण त्यावरून त्यांनी मला कधी चकार शब्द ऐकवला नाही. फोनवर मी लाजतलाजतच सांगितलं. "सरी, येते," इथल्या कानडी सवयीनं लगेच हो म्हणाल्या. आल्या त्या काठापदराची साडी नेसून, पिशवीत टोपडं घेऊन. "तुझं लग्न ठरलं तेव्हाच शिवलेलं." प्लेअरला ते बरोब्बर बसलं. मला एकदम भरून आलं.

मी कान म्हणून माइकचं भोक दाखवलं. टेस्टिंगसाठी रेकॉर्डिंग चालूच होतं. वन्सं वाकल्या आणि "कुर्रर्र" म्हणाल्या. आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे सरांनी टीमला शिकवून ठेवलं होतं. मार्केटिंगच्या मंजुनाथनं नाकारलेल्या सगळ्या नावांचा राग एका धपाट्यात काढला.

"अय्यो! स्वल्प हळू की रे मेल्या!" वन्सं ताडकन उठल्या. नाव पोटातच राहिलं. "आता नाही सांगायची, ज्जा!" सरांनी हात जोडले, साडी कबूल केली. छे!

तेवढ्यात छापखान्याचा फोन. निदान अर्धं नाव तरी मिळेल म्हणून सरांनी रेकॉर्डिंग लावलं. "कुर्रर्र", मग धपाटा, मग आरडाओरडा. मंजुनाथसकट सगळे खो खो हसले. सर फोनवर म्हणाले, "कुर्र. हो हो, एवढंच. छापा!"

प्लेअर चालू करताना वाजतो त्या आवाजाला आम्ही बूट टोन म्हणतो. तिथे मी वन्संचंच कुर्र ठेवलं. धपाटा तेवढा कापला. दिवाळीत दुकानदार फोनवर म्हणत होते, "ते कुर्र करणारं अजून पाठवा."

परवा मी विचारलंच, "वन्सं, तुमच्या मनात नाव काय होतं हो?"

"ते राखून ठेवलंय. टोपडं मात्र आण परत. दुसरा करशील ना?"

दुसऱ्या मॉडेलचं काम सुरू आहे. मी शिकले ते इतकंच: नाव कुणी ठेवायचं यापेक्षा धपाटा कोण घालणार, हे आधी ठरवावं. यंदा अकाउंट्समधल्या एका मवाळ गृहस्थांना सांगून ठेवलंय.