पुढची चाकं

कामरेजच्या पुढे माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे. पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हाची ही गोष्ट. रोपं तयार होती. ट्रेमध्ये आणखी राहिली असती तर मुळं गुंतून वाया गेली असती. शेतकऱ्याच्या वाटेवर कालव्याचं पाणी फुटलं होतं आणि काळ्या मातीचा लगदा झाला होता. अशा वाटांसाठीच मी जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली होती. लिव्हर ओढला की तिची पुढची चाकंही जोर लावतात. रोपं पोचवायच्या आदल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन वाट बघायला गेले आणि लिव्हर ओढला. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, पुढची हलेनात. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढावं लागलं.

शेतकरी म्हणाला, "बेन, उद्या नाही आली तर मी दुसरीकडून घेतो." त्याचं बरोबर होतं.

हायवेवरच्या गॅरेजवाल्याने खाली न वाकताच निदान केलं. "अंदरका गियरबॉक्स खोलना पड़ेगा. आठ दिन."

मी गाडी थेट डिंडोलीला नेली. तिथे धुळ्याकडचे एक म्हातारे मास्तर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या बघतात. त्यांचं आयुष्य कतारगामच्या कापडाच्या मागांवर फिटर म्हणून गेलं. त्यांना आठ दिवसांचं सांगितलं.

"पहिले दखू, मंग उघाडू," ते म्हणाले. "मागवर एक तार तुटनी त्ये आख्खा माग खोलतंस का?"

त्यांनी मला इंजिन चालू ठेवून लिव्हर ओढायला लावला. हँडब्रेक लावून पुढचं एक चाक जॅकवर उचललं. खाली शिरून पुढे जाणारा लांब दांडा दोन्ही हातांनी पिळून पाहिला. तो घट्ट होता. मग चाक फिरवलं, ते मोकळं गरगरलं.

"पेटी चांगली शे. ताकद इथलगून येस, चाकमा जात नही."

या गाडीत इंजिन एका बारीक रबरी नळीतून हवा ओढतं आणि त्या ओढीने चाकातला खटका बसतो. मास्तरांनी चाकापाशी नळी काढून तिच्या तोंडावर अंगठा धरला. ओढ नव्हती. मग बोटांनी चाचपत ते नळीच्या मागोमाग बॉनेटपर्यंत आले आणि बॅटरीजवळ थांबले. तिथे नळीवरूनच पूजेच्या लाल दोऱ्याची नाडाछडी आवळून बांधलेली होती. तिच्याखाली नळी पार चपटी झाली होती.

"हाई कोन बांधं?"

"मी. दसऱ्याला."

त्यांनी चष्मा वर करून गाठ पाहिली. "मार्केटमा व्हतात का तुम्ही?"

"चौदा वर्षं. साड्यांचं पॅकिंग."

"मंग बरोबर. पार्सलनी गाठ शे. कलकत्ता लगून सुटाव नही."

ते हसले नाहीत, म्हणून मीच हसले. हात सवयीने आवळतो, खाली गठ्ठा आहे की नळी ते बघत नाही. कात्री जवळ असूनही त्यांनी ती गाठ तारेच्या आकड्याने सोडवली आणि नाडाछडी आरशाला सैल बांधून दिली. मग नळीचा चेपलेला तुकडा कापून टाकला आणि उरलेली टोकं जोडली. चाक पुन्हा फिरवून पाहिलं. आता हललं नाही, खटका बसला होता.

"झालं?" मी विचारलं.

"चिखलमा चालनी की झायं."

सकाळी ते स्वतः गाडीत बसून सोबत आले. चिखलापाशी चपला हातात घेऊन उतरले आणि भरलेल्या गाडीच्या बाजूने चालत राहिले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, नजर पुढच्या चाकांवर. गाडी मध्यावर जरा अडली, मग पुढच्या चाकांनी माती धरली आणि आम्ही पलीकडे निघालो.

शेतकरी ट्रे उतरवून घेऊ लागला. मास्तर पुन्हा गाडीपाशी उकिडवे बसले होते.

"आता काय राहिलं, मास्तर?"

"काही नही. चाकले हात लाई दखस, घसाईसन तापनं का."

मीही दुसऱ्या बाजूच्या चाकाला हात लावून पाहिला. थंड होतं.