मोठ्यांचा दवाखाना

दुपारची जेवणं झाली आहेत. भांडी तशीच ठेवून मी घटकाभर आडवी होते. संध्याकाळी पद्मजाला पुन्हा एका नव्या डॉक्टरांकडे न्यायचंय. शेजारच्या खोलीत ती झोपलीय. हल्ली झोपूनच असते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो, आणि मी डॉक्टर उपाध्यांच्या दवाखान्यात बसलेली असते.

बसलेय ती पोरांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीपाशी घेऊन. समोर डॉक्टर. हिवाळ्यात गेले ते. पद्मजानं रांगेत उभं राहून त्यांना फूल वाहिलं होतं. तरी ते इथं आहेत याचं मला नवल वाटत नाही.

पद्मजाला डाउन सिंड्रोम आहे, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. तिच्या हृदयाला भोक होतं, तेव्हा ऑपरेशनला मुंबईला धाडलं तेही त्यांनीच. पोर तेविशीची झाली, तरी तपासायचे तेच, या बुटक्या खुर्च्यांच्या दवाखान्यात.

"बोला, पद्माच्या आई."

"मोठ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ती पुढ्यात बसलेली, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मलाच म्हणाले, या मुलांचं असंच असतं, वय वाढलं की मंदावतात."

"मग?"

"ती गाणं म्हणत नाही, डॉक्टर. केस विंचरत नाही. असं कसं असेल? ही माझी पद्मा नव्हे."

ते हात वर करून मला थांबवतात. "मला नका सांगू. मी लहान मुलांचा डॉक्टर."

भिंती नाहीत आता. हरिपूरचा संगम आहे, पाणी संथ. वाळूत बाळांचं वजन करायचा काटा, आणि त्यात दुपट्यात गुंडाळलेली पद्मजा. डॉक्टर तिला घ्यायला वाकतात, तसेच थबकतात.

"आता मला नाही उचलवत. उतर गं तूच."

ती उतरते. तेवीस वर्षांची, निळा पंजाबी ड्रेस घातलेली. कुणाचा हात न धरता पाण्याच्या कडेनं चालू लागते.

"काय होतंय ते तिला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणतात. "तिला विचारलं का कुणी?"

भलतंच तोंडून जातं, "आणि माझ्यानंतर?" हे मी आजवर नवऱ्यालाही विचारलेलं नाही.

ते माझं मनगट घेऊन नाडीवर बोटं ठेवतात.

"इतकी वर्षं येताय. तुमची नाडी मी कधी पाहिलीच नाही."

पाण्याकडे बघत ते घट्ट धरून राहतात.

"आई."

दारात पद्मजा. ऐन वैशाखात अंगावर शाल. मी उठून बसते, तिला जवळ बसवते.

"पद्मा, काय होतंय गं तुला?"

ती विचार करते. मी थांबते. खूप वेळ थांबते.

"थंडी वाजते," ती म्हणते. "पाय जड. गाणं येतं मला. पण दमायला होतं."

"डॉक्टरांना सांगशील असं?"

"मी सांगणार. तू नको बोलू."

"नाही बोलत."

मग ती माझा हात ओढून बघते. "हे काय?"

मनगटावर तांबूस वळ उठलेत, बोटांचे. पद्मजा त्यांवर आपली बोटं ठेवून पाहते. तिची बोटं आखूड आहेत. वळ लांब आहेत.